भीमाशंकर मास्तरांची इटलीची तालीम

भीमाशंकर मास्तरांना सोलापुरात कोणी भित्रा म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. मास्तर शाळेत ड्रिल शिकवायचे. छाती अशी की कोटाचं वरचं बटण कधी लागलंच नाही. आवाज असा की मैदानावर त्यांनी 'सावधान' म्हणावं आणि कुंपणाबाहेर टांग्याचा घोडा जागच्या जागी उभा राहावा. त्यांच्या हाताखाली मलखांब शिकलेली पोरं उलटी, सुलटी, आडवी, कशीही लटकायची आणि वर हसायची.

पण एक गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला, शिवबाईला, ठाऊक होती. मास्तरांना टांगा लागायचा. चाकं फिरायला लागली की पोटात ढवळायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि पुढचं वळण येईपर्यंत सगळं बाहेर. बैलगाडीची तीच गत. आगगाडीत खिडकीशी बसून, डोळे मिटून, लिंबू हुंगत ते कसेबसे पुण्यापर्यंत गेले होते, तेही एकदाच. म्हणून मास्तर सगळीकडे पायी जायचे. अख्खं गाव म्हणायचं, "बघा, याला म्हणतात व्यायामाची आवड!"

अशा माणसावर इटलीला जायची पाळी आली.

झालं असं. गावातल्या एका गिरणीत नवीन यंत्रं बसवायला इटलीचा एक इंजिनिअर आला होता. शेठजींनी त्याला शाळेच्या संमेलनाला आणलं. मास्तरांचा बिरप्पा नावाचा विद्यार्थी मलखांबाच्या बोंडावर एका हातावर आडवा झाला, तेव्हा तो लालबुंद गोरा खुर्चीवर चढून ओरडायला लागला. कुणाला वाटलं, विंचू चावला. पुढं तो आपल्या देशी परत गेला आणि दिवाळीनंतर त्याच्या गावच्या व्यायामशाळेचं निमंत्रण आलं. आठ विद्यार्थी आणि एक शिक्षक, वसंत ऋतूत तिथल्या मोठ्या खेळांच्या मेळ्यात मलखांब दाखवायला यावेत. खर्च शेठजींनी उचलला.

हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "या तुकडीचे नायक अर्थातच आपले भीमाशंकर मास्तर!"

टाळ्या पडल्या. मास्तरांनी हात जोडले. घरी येऊन ते पाटावर बसले आणि ताट पुढे आलं तरी हात लावेनात.

"काय झालं?" शिवबाईनं विचारलं.

"इटलीला जायचंय."

"इटली कुठं आली?"

"समुद्रापलीकडे. बोटीनं पंधरा दिवस."

शिवबाईनं पदर तोंडाला लावला. "अव्वा! गावातल्या बाळीवेशीपर्यंत टांग्यात बसवत नाही, आणि पंधरा दिवस बोटीत?"

"हसू नको," मास्तर म्हणाले. "काहीतरी करून हे टाळलं पाहिजे."

स्वतः नाही म्हणायचं तर गावभर नाचक्की. तेव्हा मास्तरांनी दुसरा मार्ग धरला. पोरांचीच तयारी नाही असं दिसलं, तर सगळी सहलच बारगळेल. त्यांनी हेडमास्तरांना गंभीरपणे सांगितलं, "परदेशात शाळेची अब्रू जायला नको. भाषा, जेवण, बोटीचा प्रवास, प्रत्येक गोष्टीची परीक्षा घ्यावी. नापास झाले तर नेऊ नये."

हेडमास्तर खूष झाले. परीक्षा म्हटली की त्यांना उगीचच बरं वाटायचं.

पहिली भाषेची परीक्षा. इंजिनिअरकडून चार इटालियन शब्द शिकलेला गिरणीचा एक कारकून धरून आणला. त्यानं फळ्यावर लिहिलं : बुओन जोर्नो, म्हणजे नमस्कार. अरिवेदेर्ची, म्हणजे येतो आता. मास्तर मागच्या बाकावर समाधानानं बसले. यातली निम्मी पोरं घरी कानडी बोलणारी, उरलेली खेड्यातली; इंग्रजीच्या तासाला त्यांची जीभ दातात अडकायची. ही भाषा काय जमणार?

पण तुकडीत संगप्पा होता. डोकं तेज आणि तोंड त्याहून. तो म्हणाला, "सोप्पं हाय की! आलो की 'बोंब जोरानं', आनि निगालो की 'आरं, येऊ दे घरची'."

आठही पोरांना ते एका दमात पाठ झालं. कारकुनानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "साहेब अगदी असंच म्हणायचे."

दुसरी परीक्षा जेवणाची. ती हेडमास्तरांनी स्वतः घेतली, कारण ते एकदा कलेक्टरसाहेबांकडे जेवले होते. चित्रकलेच्या वर्गात टेबलं जोडली, स्टेशनच्या उपाहारगृहातून काटे-सुऱ्या मागवल्या. इटलीत शेवयांसारखं काहीतरी खातात असं कळल्यावर शिवबाईकडून बिनसाखरेच्या शेवया करून आणल्या.

"काटा असा धरायचा," हेडमास्तर म्हणाले, "आणि शेवया त्याला गुंडाळायच्या." त्यांनी गुंडाळल्या. त्या उलगडल्या आणि त्यांच्या नेकटायवर जाऊन बसल्या.

संगप्पाची आई घरी मागवाल्यांसाठी कांड्या भरायची. लहानपणापासून त्यानं सूत गुंडाळण्यापलीकडे काही बघितलंच नव्हतं. त्यानं काटा बशीत उभा केला, दोन बोटांत फिरवला आणि कांडी भरावी तशा शेवया भरून तोंडात घातल्या. बाकीच्या सातांनी त्याचं बघून तेच केलं. मास्तरांनी स्वतः करून पाहिलं, तेव्हा काटा खालच्या ओठाला टोचला.

मग सुरीची पाळी. टेबलावर कापण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून कडक भाकरी ठेवली होती. मास्तरांनी सुरी लावून दाबली. भाकरीचा अर्धा तुकडा उडाला आणि हेडमास्तरांच्या पगडीला लागून खिडकीबाहेर गेला. पोरं गंभीरपणे बघत राहिली. हेडमास्तर म्हणाले, "विद्यार्थी पास."

मास्तरांची आशा आता सरकारवर होती. पासपोर्टासाठी फौजदार चौकशीला आला. सत्याग्रहाच्या वेळच्या मार्शल लॉला चारच वर्षं झाली होती, आणि सोलापूरचा कुणी काही मागायला आला की पोलिसांच्या कपाळाला आठी पडायची.

"पोरं खांबावर चढतात म्हणता," फौजदार म्हणाला. "त्या गडबडीत गावात खांबाखांबावर झेंडे लागले होते. तेव्हा हीच चढत होती काय?"

कुठल्याही मास्तरानं हात झाडले असते. भीमाशंकर मास्तरांना अंधारात उजेड दिसला. "सांगता येत नाही, साहेब," ते म्हणाले. "तेव्हा लहान होती, पण चढायची आवड पहिल्यापासूनच."

फौजदारानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मास्तर, आजवर माझ्यासमोर एवढं खरं बोलणारा माणूस आला नाही. ज्या शाळेत असे शिक्षक आहेत तिथली पोरं काय वाकडी जाणार!" आणि त्यानं सही केली.

राहिली बोटीची परीक्षा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरली आणि गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, उंच पाळणे उभे राहिले. मास्तरांनी पोरांना तिथं नेलं, आधी भजी खाऊ घातली, वर उसाचा रस पाजला आणि जाहीर केलं, "पाळण्यात ज्याला मळमळेल त्याला बोट लागणार. त्याचं नाव कटाप."

पोरं पाळण्यात बसली. वर गेली की किंचाळायची आणि खाली आली की "अजून एकदा!" म्हणायची. पाळणेवाला दमला. शेवटी बिरप्पा खाली वाकून म्हणाला, "मास्तर, तुमी बी या की. तुमची परीक्षा कोन घेनार?"

भोवती माणसं जमली होती. मास्तरांना बसावंच लागलं. पाळणा एकदा वर गेला तेव्हा त्यांना देवळाचं शिखर, तळं आणि सगळा गड्डा दिसला. खाली येताना काहीच दिसलं नाही. दुसऱ्या फेऱ्याला त्यांनी पाळणा थांबवायला लावला, भज्यांच्या दुकानामागे गेले आणि बराच वेळ तिथंच राहिले.

परत आले तेव्हा चेहरा चुन्यासारखा झाला होता. पोरं रांगेत उभी होती. मास्तरांनी रुमालानं तोंड पुसलं. "बघितलंत? याला बोट लागणं म्हणतात. मी मुद्दाम करून दाखवलं."

"लई हुबेहूब दाखवलंत, मास्तर," संगप्पा म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यावरूनच मास्तरांनी ओळखलं की पोरांना सगळं कळलंय.

त्या रात्री त्यांनी ठरवलं, बस झालं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि गुडघ्याचं दुखणं सांगितलं. "जुनी कुस्तीतली दुखापत आहे. थंड हवेत पाय धरतो. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवा."

हेडमास्तर चिडले, पण तिथंच बसलेले सायन्सचे मास्तर ताडकन उठले. "मी जातो!" त्यांना निमंत्रण आल्यापासून हेच म्हणायचं होतं.

तेवढ्यात शिपाई सांगत आला की बिरप्पाची आई आली आहे. केराबाई सांगोल्याकडच्या एका वाडीवरून आली होती. मेंढरं दिराच्या हवाली करून, खांद्यावर घोंगडं टाकून, वाट बहुतेक पायीच तुडवून. तिला खुर्ची दिली तर तिनं ती बाजूला सरकवली आणि उंबऱ्याजवळ जमिनीवर बसली.

"माजं पोरगं कुटं नेताय म्हनं," ती म्हणाली. "समिंदरापल्याड."

हेडमास्तरांनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि सायन्स मास्तरांकडे बोट केलं. "हे सोबत असतील. काळजीचं काही कारण नाही."

केराबाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मास्तर, तुमास्नी समिंदराचं भ्या वाटतं का वो?"

"भीती?" सायन्स मास्तर हसले. "अहो बाई, आता बोटी म्हणजे तरंगते राजवाडे. इटलीला जाऊन येणं म्हणजे बार्शीला जाऊन येणं. मी आहे ना!"

"बिरप्पाच्या बापाला नेला, तवा त्यो साहेब बी असाच हसला व्हता," केराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं सांगत होती. "लढाईत खेचरं हाकायला मानसं पायजेत म्हनला. बसरा म्हंजी हितंच हाय, मी हाय की, म्हनला. बिरप्पा तवा पोटात व्हता. त्याच्या बापाचं काय झालं, आजपातूर कुनी सांगाय आलं न्हाय. त्यो साहेब बी न्हाय."

बाहेर मैदानावर पोरं मलखांबाला एरंडेल चोळत होती. त्यांचा गलका तेवढा ऐकू येत होता.

केराबाई भीमाशंकर मास्तरांकडे वळली. "माजं पोरगं रोज तुमचंच नाव घेतंया. तुमी का न्हाय जात?"

"माझा गुडघा..." मास्तरांनी सुरुवात केली आणि थांबले. खोटं सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिच्यासमोर ते पुढं सरकेना. ते खाली बघून म्हणाले, "बाई, मला टांगा लागतो."

हेडमास्तरांचं तोंड उघडं राहिलं. सायन्स मास्तरांना खोकला आला.

"म्हंजी वकारी येती?" केराबाईनं विचारलं.

"हो. टांग्यात येते, गाडीत येते. काल पाळण्यात आली. बोटीच्या नुसत्या नावानं मला झोप लागत नाही."

केराबाई हसली नाही. तिनं थोडा विचार केला आणि घोंगडं सावरत उठली. "मंग तुमीच जावा. ज्याला सोताला लागतंया, त्याला दुसऱ्याला कवा लागतंया त्ये कळतंया. ह्यो मास्तर," तिनं सायन्स मास्तरांकडे हनुवटी केली, "खुशाल झोपंल. तुमी झोपनार न्हाय. तुमी जानार असला तर माजा बिरप्पा यील. न्हायतर मी आत्ताच त्याला घिऊन चालले."

आता बिरप्पाशिवाय मलखांब म्हणजे कळसाशिवाय देऊळ. हेडमास्तरांनी मास्तरांकडे पाहिलं. पण मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते केराबाईच्या भेगाळलेल्या पायांकडे बघत होते.

"जातो," ते म्हणाले. आवाज ड्रिलमधला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. ज्या नाचक्कीला मास्तर इतके दिवस घाबरत होते ती एका संध्याकाळी होऊन गेली. पानाच्या दुकानात लोक दोन दिवस हसले, मग दुसऱ्या विषयाला लागले. तिसऱ्या दिवशी आठही पोरं मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर," बिरप्पा म्हणाला, "उद्यापास्नं तुमची तालीम."

गावच्या कंबर तलावात मासे धरणारे भोई गुळाच्या जुन्या काहिलीत बसून जाळी टाकायचे. संगप्पानं त्यातल्या एकाशी संधान बांधलं होतं. काहील म्हणजे लोखंडी कढईच ती, फक्त माणसं मावतील एवढी. तिला ना पुढा, ना मागा. पाण्यात सोडली की ती पुढं जायच्या आधी स्वतःभोवती फिरते. मास्तरांना मधोमध आणि संगप्पाला समोर बसवून बिरप्पानं बांबू रोवला आणि काहील लोटली.

"खाली बघू नगा," तो म्हणाला. "मेंढरं राखताना आमी लांब बघतो. त्ये पल्याडचं झाड धरा डोळ्यानं."

मास्तरांनी झाड धरलं. काहील फिरली, झाड पाठीमागे गेलं. त्यांनी दुसरं झाड धरलं. तेही गेलं. काठावरून सहा पोरं ओरडत होती, "मास्तर, दम सोडा! दम घ्या! एक, दोन! एक, दोन!" अगदी मास्तरांच्याच आवाजात. चौथ्या झाडाला मास्तरांनी काहिलीच्या काठावर मान टाकली.

रोज सकाळी हेच. मास्तर बसायचे, फिरायचे, ओकायचे, उतरायचे. तलावावर धुणं धुणाऱ्या बायका आधी हसल्या, मग चौकशी करायला लागल्या. "आज किती झाडं झाली, मास्तर?" बजाबाई नावाची एक म्हातारी रोज त्यांच्यासाठी आवळकाठी आणायची.

एके दिवशी काहील एका बाजूला कलली आणि मास्तर, बिरप्पा, संगप्पा तिघंही पाण्यात. मास्तरांनी डोळे गच्च मिटले, शिवबाईचं नाव घेतलं, सिद्धेश्वराचं घेतलं, हात मारले. मग संगप्पाचा आवाज आला, "मास्तर, उबं रावा की."

मास्तर उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं.

ते तसेच उभे राहिले आणि मोठ्यानं हसायला लागले. पोरांनी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही ते ओकत राहिले. ओकारी काही गेली नाही. पण ओकून झालं की तोंड धुवायचं आणि पुन्हा बसायचं, यात भिण्यासारखं काही नाही हे त्यांना कळलं. शेवटच्या आठवड्यात तर ते मान काहिलीबाहेर काढायचे, आपलं काम उरकायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढं चालू करायचे.

निघायच्या दिवशी सोलापूर स्टेशनवर निम्मं गाव लोटलं. मलखांब गोणपाटात गुंडाळून गार्डाच्या डब्यात चढवला, तेव्हा पार्सल बाबूनं तीनदा विचारलं की ही तोफ तर नाही ना. हेडमास्तरांनी भाषण केलं. शिवबाईनं कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगाचटणीचा डबा दिला आणि मास्तरांच्या कानात म्हणाली, "लिंबं तळाशी ठेवलीत. सांगू नका कुणाला."

"आता काय लपवायचं?" मास्तर म्हणाले आणि तिथंच एक लिंबू काढून हुंगायला लागले.

केराबाई गर्दीत मागे उभी होती. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला नाही, नुसती बघत राहिली. मास्तर दारात उभे राहून तिला दिसेपर्यंत बिरप्पाचा दंड धरून होते.

मुंबईहून बोट सुटली आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत पहिल्यांदा संगप्पा गप्प झाला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. संगप्पा गप्प, म्हणजे काहीतरी गंभीर. ओठ पांढरे, कपाळावर घाम. मास्तर उठले, त्याची मान धरून त्याला कठड्याशी नेलं आणि वेळेवर नेलं. मागोमाग तुकडीतला करकंबचा ज्ञानबा. मग तिप्पण्णा. रात्रीपर्यंत आठही जण आडवे. पाळण्यात किंचाळून "अजून एकदा" म्हणणारी पोरं आता डोळे मिटून आईला हाका मारत होती.

मास्तरांनाही लागली होती, यात नवल नव्हतं. पण त्यांचा त्यात हात बसलेला होता. एका हातात स्वतःसाठी बादली, दुसऱ्या हातात पोरांसाठी पाण्याचं भांडं. कोण दहा मिनिटांत ओकणार हे ते चेहऱ्याच्या रंगावरून सांगायचे. लिंबं कापायचे, पाठीवरून हात फिरवायचे, अंथरुणं बदलायचे आणि मधेच "थांब हां" म्हणून आपलं उरकून यायचे. बोटीवरच्या खलाशांनी असा प्रकार बघितला नव्हता. त्यांचा एक म्हातारा मुकादम येऊन काही वेळ बघत राहिला आणि मग त्यानं टोपी काढली.

बिरप्पाला सगळ्यात जास्त लागली. तिसऱ्या रात्री तो क्षीण आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमी झोपा की आता."

"मला झोप येत नाही," मास्तर म्हणाले आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

पाचव्या दिवशी पोरं उठून बसली. सहाव्या दिवशी त्यांना भूक लागली आणि निम्म्या भाकऱ्या संपल्या. एडनला बोट लागली तेव्हा तर ती धक्क्यावर उड्या मारत उतरली. मास्तर मागून आले. इतक्या दिवसांनी पायाखाली घट्ट, न हलणारी जमीन आली होती. त्यांनी समाधानानं दोन पावलं टाकली, तिसऱ्या पावलाला थांबले आणि हात पोटाशी नेला. डोळ्यांपुढे धक्का, उंट, कोळशाचे ढीग, सगळंच हळूहळू फिरायला लागलं होतं.

"काय झालं, मास्तर?" संगप्पा धावत आला.

"अरे," मास्तर त्याच्या खांद्याचा आधार घेत म्हणाले, "मला जमीन लागली!" आणि ते लगबगीनं पुन्हा बोटीत जाऊन बसले.